घणाच्या शेजारची बाजरी

बडोद्यात चौकाला सर्कल म्हणतात, आणि सर्कल रिकामं दिसलं की शहराला चैन पडत नाही. कुठे घोडा उभा राहतो, कुठे दोन भलेमोठे हात पृथ्वी उचलून धरतात, कुठे उद्घाटनाच्या दिवशी कारंजं उडतं आणि पुढे त्याच्या कोरड्या हौदात रिक्षावाले पाय सोडून बसतात. माझी सगळी नोकरी कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेली. दगडावर नाव कोरून घेण्याची हौस किती जुनी आहे ते मला ठाऊक आहे. फरक एवढाच, की पूर्वी त्यासाठी निदान एखादी लढाई करावी लागे.

त्यामुळे माझ्या भाचीने, थोरल्या बहिणीच्या मुलीने, फोन करून सांगितलं की मकरपुऱ्याकडच्या औद्योगिक वसाहतीत तिला शिल्प करायचं काम मिळालंय, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "पृथ्वी केवढी हवी आहे त्यांना?"

"पृथ्वी नाही मामा. गिअर. सोनेरी रंगाचा, फिरणारा."

"अरे वा."

"मी तो करणार नाहीये. दुसरं काहीतरी सुचवणार आहे. उद्या येतोस का माझ्याबरोबर जागा बघायला? तुला काय, वेळच वेळ आहे."

निवृत्त माणसाविषयी घरच्यांचं हे मत पक्कं असतं आणि ते खोडण्यालाही वेळ लागतो. मी गेलो.

ती फतेगंजला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. एका खोलीत ती आणि दुसरीत लोखंड. शिल्पकला शिकली ती इथेच, पण शिकल्यापासून पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवत होती आणि लोकांनी सांगितलेल्या वस्तू करून देत होती. लग्नाच्या हॉलसाठी हत्ती, हॉटेलसाठी मोर. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकही काम शहरात उभं नव्हतं. हे ती बोलून दाखवत नसे. तिची आई दाखवत असे.

जागा म्हणजे वसाहतीतल्या दोन रस्त्यांच्या मधला धुळीचा त्रिकोण होता. एका बाजूला पत्र्याचे सुटे भाग कापणारे कारखाने, दुसऱ्या बाजूला चहाची लारी, म्हणजे हातगाडी, आणि रस्त्यापलीकडे फोर्जिंगचा जुना कारखाना. तिथे लाल तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवून त्यावर यंत्राचा घण घालतात. घण पडला की आवाज कानाआधी पायाला कळतो. आम्ही लारीवर चहा घेतला. ग्लास फळीवर ठेवला आणि पलीकडे घण पडला. चहावर बारीक वर्तुळं उठली, कडेला गेली, विरली. परत घण, परत वर्तुळं.

मी ग्लास उचलून तोंडाला लावला. भाचीने तिचा उचललाच नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, चहा पार निवेपर्यंत.

"चा ठंडी थई गई, बेन," लारीवाला म्हणाला.

"थवा दो ने," होऊ द्या गार, असं त्याला सांगून ती मला म्हणाली, "मामा, सापडलं."

तिला जे सापडलं होतं ते थोडक्यात असं. जमीन सतत हलते आहे आणि कुणाला दिसत नाही. ते दिसेल असं काहीतरी करायचं. करजणच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडून तिने स्प्रिंगच्या पोलादाच्या लांबच लांब सळ्या आणल्या. शेजारच्या कारखान्यांत पत्र्याला भोकं पाडल्यावर उरलेल्या गोल चकत्या पोत्यांनी मिळत होत्या. जमिनीत काँक्रीटचा चौथरा घालून त्यात सळ्या दाट रोवायच्या आणि प्रत्येकीच्या शेंड्याला चकत्यांचा झुबका लावायचा. घण पडला की जमिनीतला धक्का सळीतून वर चढेल, शेंडा थरथरेल, चकत्या एकमेकींवर वाजतील. घण थांबला की सगळं गप्प. शिल्पाला मोटर नाही, वीज नाही. ते वाजवणारा माणूस रस्त्यापलीकडे, आपलं रोजचं काम करताना.

"आणि घणवाल्यांनी कारखाना बंद केला तर?" मी विचारलं.

"तर ते बंद पडेल. ते त्यांचं आहे."

मला हे आवडलं, पण मी तसं बोललो नाही. मी म्हणालो, "समितीला काय सांगशील?"

समिती म्हणजे वसाहतीतल्या कारखानदारांच्या संस्थेची. तिचे अध्यक्ष सफारी घालणारे, भला माणूस, दिलदार, आणि कुठल्याही वस्तूपुढे उभे राहिले की फोटोसाठी आपोआप डावीकडे वळणारे. त्यांनी गिअरचा आग्रह सोडला, कारण भंगार फुकट मिळत होतं. नाव मात्र त्यांनीच ठेवलं: 'सिंफनी ऑफ प्रोग्रेस'. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याला 'बाजरी' म्हणायला सुरुवात केली. उंच ताटं, वर भरलेली कणसं. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

सळ्यांची लांबी ठरवायला तिला दोन उन्हाळे लागले. आखूड सळी ताठ राही, लांब सळी वाऱ्यानेच डुलत बसे. फोर्जिंगचे मालक, ज्यांना सगळी वसाहत काका म्हणते, सुरुवातीला हात मागे बांधून लांबून बघत. त्यांना संशय होता की हे सगळं त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी चाललंय. घणामुळे भिंतींना तडे जातात म्हणून शेजारी आयुष्यभर त्यांच्याशी भांडत आले होते. आता कुणीतरी धक्का मोजायचं यंत्रच उभं करतंय, असं त्यांना वाटलं. मग एके दिवशी एक सळी बरोबर बसली. घण पडला आणि ती एकटीच शहारली. काकांनी आत जाऊन घण थांबवला, बाहेर आले, सळी गप्प झालेली पाहिली, आत जाऊन पुन्हा सुरू केला. असं ते बराच वेळ करत होते. त्या दिवशी त्यांचं काम किती झालं ते त्यांनाच ठाऊक.

बाजरी पुरी झाली तेव्हा मला ती पहिल्यांदा नीट दिसली ती दुपारी, ऊन कलताना. आवाज फारसा ऐकू येत नव्हता; भोवतीचे लेथ, कॉम्प्रेसर, ट्रक यांच्या गोंगाटात तो बुडत होता. पण शेकडो चकत्या एकदम लकाकायच्या आणि विझायच्या. लारीवर उभी असलेली माणसं बोलता बोलता तिकडे बघत आणि पुन्हा बोलू लागत. आपल्या शहरातल्या कुठल्याही पुतळ्याकडे कुणी असं बघताना मी पाहिलेलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग बाजरीचे फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरले, कौतुक झालं, आणि कौतुकाबरोबर संकट आलं.

अध्यक्षांनी आम्हाला बोलावून घेतलं. फाफडा मागवला. म्हणाले, "साहेब, हीरो कोलसामां ना मुकाय."

हिरा कोळशात ठेवायचा नसतो. हिरा मूळचा कोळशाच्याच जातीचा, असं मी म्हणणार होतो, पण तोंडात फाफडा होता.

त्यांचं म्हणणं असं की वसाहतीत हे बघणार कोण? ट्रकवाले? त्यांनी खटपट करून शहरात अकोट्याच्या बाजूला एक सर्कल मिळवलं होतं. तिथे चौथरा बांधून तयार होता. काळ्या ग्रॅनाइटची पाटी तयार होती, तिच्यावर समितीच्या सगळ्यांची नावं होती आणि खाली भाचीचंही. दसऱ्याला सकाळी उद्घाटन, एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार. दसऱ्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

"पण तिथे ते हलणार नाही," भाची म्हणाली. "तिथे जमीन गप्प आहे."

"मोटर बेसाडी दईशुं," अध्यक्ष म्हणाले. मोटर बसवू.

"तुम्ही ते हलताना बघितलंय का?"

"जोयुं ने! गाडीमांथी. बहु सरस."

गाडीतून बघितलं होतं; काचा वर होत्या, एवढं ते प्रामाणिकपणे म्हणाले नाहीत. शिल्प संस्थेच्या मालकीचं होतं. नेण्याचा हक्क त्यांचा होता.

बाहेर आल्यावर भाची पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिली. "मामा, तिकडे नेलं तर मी नाव काढून घेणार. ते माझं काम नसेलच. नुसत्या सळ्या असतील."

रात्री माझ्या बहिणीचा फोन. "तू तिला समजाव. अरे, अकोट्याला सर्कलवर नाव लागतंय पोरीचं! रोज हजारो माणसं बघतील. इथे कोण बघतंय, तो घणवाला?"

"हो. तोच बघतोय."

"तुझं काय जातंय बोलायला. तिला पुढचं काम कसं मिळणार, सांग."

बहिणीचं चुकत होतं असं नाही. भाचीला पुढचं काम हवं होतं, आणि पहिलं काम मारून ते मिळणार होतं. माझं म्हणाल तर सर्कल माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, तेव्हा स्वार्थ अकोट्याकडेच ओढत होता.

शेवटी भाचीने एवढंच मागितलं: हलवायचंच असेल तर सळ्या न वाकवता हलवा. अध्यक्षांचा नेहमीचा क्रेनवाला सिमेंटची पोती उचलतो तसा सगळं उचलायचा. तेव्हा मला माझा एक विद्यार्थी आठवला. खानदेशातून त्याचे वडील इथे रेल्वेत आले; हा माझ्या विषयात सलग नापास झाला, क्रेनच्या धंद्यात पडला, आणि आता त्याच्या आवारात लहानमोठ्या क्रेनची रांग उभी असते. माझ्या हातून घडलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींत त्याला नापास करणं मी मोजतो. मी त्याला फोन केला, तारीख सांगितली.

"तुमचं काम म्हटल्यावर येणारच, सर. फुलासारखं उचलतो. तुम्ही मला उचललं नाहीत तो भाग वेगळा."

त्या तारखेला सकाळी आम्ही बाजरीपाशी वाट बघत उभे. क्रेन आली नाही. फोन उचलला जात नव्हता. भाची पुन्हा पुन्हा सळ्यांभोवती फेरी मारत होती, घरातून निघताना माणूस खोल्या बघून घेतो तशी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायांना काहीच जाणवत नाहीये. घण बंद होता. वसाहतीत आवाजच कमी होता. गरब्याचं जागरण असेल, असं मी म्हणालो.

मग आम्ही क्रेनच्या आवारात गेलो आणि फाटकातच थांबलो. सगळ्या क्रेन धुऊन पुसून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या नाकावर झेंडूची माळ. लोंबत्या हुकांवर कुंकवाची स्वस्तिकं. खाली पाटावर बोल्टचे पाने, पक्कड, साखळदंड ओळीने मांडलेले, त्यांवर हळद, फुलं, अक्षता. नवा सदरा घातलेला माझा विद्यार्थी हात जोडत पुढे आला. "या सर. प्रसाद घ्या."

"अरे, तू येणार होतास."

"सर, आज खंडेनवमी."

त्याने माझ्या तळहातावर प्रसाद ठेवला.

"तुम्ही तारीख सांगितलीत, मी हो म्हटलं. नवमी म्हणाला असतात तर तेव्हाच नाही म्हटलं असतं. सकाळी आईने सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून तुमचा फोन उचलायची हिंमत होत नाहीये." मग जरा हसून, "इतिहास तुमचाच विषय ना सर?"

लागलंच ते. त्या सकाळी घरातून निघताना माझ्या बायकोने देवापुढे मांडलेली पुस्तकं, माझं पेन आणि आमचा लॅपटॉप मी ओलांडून आलो होतो. आज हे उघडायचं नाही, असं तिने बजावलंही होतं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखणीच चालली, त्यामुळे खंडेनवमी म्हणजे पुस्तकांना सुट्टी, इतकंच माझ्या डोक्यात. ज्याचं हत्यार क्रेन आहे तो क्रेन पुजणार आणि पुजलेल्या हुकाला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावणार नाही, हे मला सुचलंच नव्हतं. अध्यक्षांनाही नाही. त्यांच्याकडे यंत्रांची पूजा दसऱ्याला. नवमी त्यांच्या हिशेबी कामाचा दिवस; फार तर यंत्रं थांबवून धुऊनपुसून ठेवायचा.

"उद्या पहिलं काम तुमचंच," विद्यार्थी म्हणाला. "सकाळी पूजा झाली की लगेच. वर्षाचं मुहूर्ताचं काम."

अध्यक्षांना फोन करायचं माझ्यावर आलं. पलीकडून एक सुस्कारा आला. "दशेराने दहाडे ज घोडुं ना दोडे!" ऐन दसऱ्यालाच घोडं अडायचं, ही त्यांच्याकडची म्हण आहे, आणि इतकी चपखल बसलेली मी कधी ऐकली नाही. त्यांनी इतर क्रेनवाल्यांना विचारलं. ते गरब्याच्या मैदानांवर दिव्यांचे खांब सांभाळण्यात गुंतलेले. पाहुण्यांचं येणं रद्द करता येत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "चालशे. कार्यक्रम वसाहतीतच करू. भाषणं तिकडे, हार तिकडे. दुपारी शिल्प उचलून सर्कलवर. पाटीही तिकडेच मागवून घेतो, पाहुण्यांच्या हातून पडदा तरी सरकवू."

म्हणजे बाजरीला अर्ध्या दिवसाची मुदत मिळाली.

दसऱ्याला सकाळी धुळीच्या त्रिकोणात मांडव होता. तेलाचे डाग पडलेल्या रस्त्यावर लाल जाजम अंथरलं होतं आणि कडेला माझ्या विद्यार्थ्याची क्रेन माळ घालून नवरदेवासारखी उभी होती. ग्रॅनाइटची पाटी टेम्पोतून आली होती आणि टेम्पोतच पडद्याआड उभी होती. सगळे कारखाने बंद. इतक्या वर्षांत मी त्या वसाहतीत पक्षी ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. भाची लारीच्या बंद फळीला टेकून उभी होती. माझी बहीण नवी साडी नेसून पहिल्या रांगेत.

अध्यक्ष बोलले. मग पाहुणे उठले. प्रगती, उद्योग, कला आणि संस्कृती हे चार शब्द त्यांनी वेगवेगळ्या क्रमाने लावायला घेतले. पलीकडे काकांच्या कारखान्यात पूजा चालली होती. घंटी ऐकू येत होती. अध्यक्षांनी काकांना आधीच निरोप पाठवला होता की भाषण संपेपर्यंत यंत्राला हात लावू नका. काकांचं उत्तर आलं होतं: "मुहूरत कोईनी राह ना जुए." मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

पाहुणे "ही सिंफनी" एवढं म्हणाले आणि काकांनी मुहूर्ताचा पहिला घाव घातला.

धप्प. जाजमाखालून काहीतरी सरकल्यासारखं झालं. आणि मग बाजरी वाजली. मी तिच्याजवळ कितीदा उभा राहिलो असेन, पण खरं सांगायचं तर तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. भोवतालच्या गोंगाटाने तो कुणालाच ऐकू दिला नव्हता, करणारीलासुद्धा नाही. भरल्या कणसांतून वारा जावा तशी एक बारीक सळसळ निघाली, तिच्यात धातूची किणकिण मिसळली, ती या टोकापासून त्या टोकाला गेली आणि हळूहळू विरली. पाहुणे बोलायचे थांबले. दुसरा घाव. पुन्हा तेच, पण आता सगळे कान देऊन होते. पाच घाव पडले आणि घण थांबला. शेवटच्या घावाची किणकिण संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ती संपली आहे याची कुणालाच खात्री नव्हती.

"हे कोण वाजवतंय?" पाहुण्यांनी माइकवरच विचारलं.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी भाचीकडे. ती पुढे आली, माइक न घेताच बोलली. "समोरचे काका. त्यांचा घण आहे. जमिनीतून येतं."

"मग मोटर कुठे आहे?"

"नाहीये."

काका तोवर दारात येऊन उभे होते, कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची ताटली. पाहुण्यांनी त्यांना विचारलं, अजून एकदा ऐकवाल का? काका म्हणाले, मुहूर्ताचे पाचच असतात. मग जरा थांबून म्हणाले, आता मुहूर्त झाला, आता कितीही.

ते आत गेले. मी अध्यक्षांकडे बघत होतो. काचा खाली करून बघण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, आणि कॅमेरा समोर असून ते डावीकडे वळले नव्हते. किणकिण थांबल्यावर त्यांनी माइक हातात घेतला.

"एटले ज," ते म्हणाले, "एटले ज अमे नक्की कर्युं छे के आ अहीं ज रहेशे."

म्हणूनच आम्ही ठरवलंय की हे इथेच राहील. ते केव्हा ठरलं, हे इतिहासाच्या माणसाला विचारू नये. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

राहिली क्रेन. माझा विद्यार्थी अडून बसला. वर्षाचं पहिलं काम, हुक रिकामा परत न्यायचा नसतो. काहीतरी उचलायलाच हवं. उचलण्याजोगं तिथे एकच होतं. क्रेनने ती काळी पाटी टेम्पोतून अलगद, फुलासारखी उचलली. पण तिला उभं करायचा चौथरा अकोट्याच्या सर्कलवर बांधलेला; इथे तिला रोवणार कशात? तेव्हा ती तात्पुरती बाजरीच्या कडेला, विटांवर आडवी ठेवली. मग माझ्या विद्यार्थ्याने सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. अध्यक्षांना देताना म्हणाला, "सोनं घ्या, शेठ." अध्यक्षांनी ते कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं.

पाटी अजून तात्पुरतीच आहे. अकोट्याच्या सर्कलवर आता सोनेरी गिअर फिरतो आणि तो माझ्या वाटेत येतो. भाचीच्या पुढच्या कामाचं म्हणाल तर पलीकडच्या गल्लीतल्या कॉम्प्रेसरवाल्याने तिला गाठलं. काकांच्या घणाचं एवढं कौतुक होतं तर आमच्या कॉम्प्रेसरने काय पाप केलंय, असं त्याचं म्हणणं. ती सध्या त्या गल्लीत कान लावून हिंडते. माझी बहीण लोकांना सांगते की आपण पहिल्यापासून इथेच ठेवा म्हणत होतो.

मी अधूनमधून चहाला जातो. लारीवाल्याने आपली फळी काढून टाकली आहे, कारण ग्रॅनाइट पुसायला सोपा. गिऱ्हाईकं त्याच्यावर बसतात आणि ग्लास मधल्या जागेत, समितीच्या नावांवर ठेवतात. पलीकडे घण पडतो. बाजरी शहारते. चहावर वर्तुळं उठतात. परवा माझा ग्लास सगळ्यात खालच्या ओळीवर होता. तो उचलून मी जरा बाजूला ठेवला, कारण त्या ओळीत तिचं नाव आहे आणि ते तिने काढून घेतलेलं नाही.